घरची साक्ष

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे भिंगबाई म्हणत. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, समोर उजेडाचं टेबल आणि डाव्या हाताशी लाल चिकटपट्टीचं रीळ. शिवून झालेला प्रत्येक शर्ट घडी पडायच्या आधी तिच्या हाताखालून जायचा, आणि ती सगळ्यात आधी तो उलटा करायची. सुलट बाजूने सगळेच शर्ट देखणे दिसतात, त्यात काय पाहायचं, असं तिचं म्हणणं. सुटलेला टाका, तिरकं काज, सैल बटण दिसलं की लागली लाल पट्टी. पट्टीचा शर्ट दुरुस्त होऊन परत यायचा. तीनदा परत येऊनही खोट राहिली तर तो रद्दच्या ढिगात जायचा, आणि एकदा तिकडे टाकलेल्या शर्टाकडे भिंगबाई पुन्हा वळून पाहायची नाही.

संध्याकाळी भिंग खुंटीला टांगून ती घरी यायची, पण नजर कुठे टांगणार? भाजीवाल्याचा काटा, शेजारणीचं हसू, डॉक्टरांची गोळी, सगळं उलटं करून पाहिल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. लेकीला पाहायला मुलगा आला तेव्हा सगळे त्याच्या नोकरीबद्दल विचारत होते आणि ही त्याच्या बाहीची शिवण पाहत होती. तो बिचारा अजूनही सासरी येताना नवा शर्ट घालत नाही.

चर्चमध्येही तेच. रविवारच्या उपासनेला ती वर्षानुवर्षं न चुकता जायची. तिची भक्ती खरी होती, त्याबद्दल कोणी ब्र काढला नसता. पण कोणी प्रार्थनेत फार गहिवरला की भिंगबाईचा एक डोळा मिटलेला आणि दुसरा उघडा. रुमाल खरंच ओला झालाय का, ते पाहायला नको? नव्याने आलेल्या माणसाने पहिल्याच महिन्यात हात वर करून मोठ्याने गायला सुरुवात केली की ती शेजारणीच्या कानात म्हणायची, "बघू किती दिवस टिकतंय." वाईट याचं वाटतं की बऱ्याचदा तिचंच खरं निघायचं. त्यामुळे मंडळी तिला घाबरायची आणि मानायचीही.

त्या मंडळीत एक जुनी रीत होती. मोठ्या वयात कोणी बाप्तिस्मा मागितला की पाळक त्याला दोन-चार महिने शिकवायचे, पण शेवटचा शब्द त्यांचा नसायचा. त्या माणसाच्या घरातल्या एकाने उपासनेत सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं की हा माणूस घरी कसा आहे आणि याचा विश्वास खरा आहे की नाही. याला घरची साक्ष म्हणत. चर्चमध्ये दोन तास कोणीही संत होतो, खरा माणूस कळतो तो घरात, असा त्यामागचा विचार. घरच्याने नाही म्हटलं तर वर्षभर थांबायचं. ही रीत भिंगबाईला मनापासून पसंत होती. माणूस उलटा करून पाहण्याची एवढी चांगली सोय दुसऱ्या कुठल्या मंडळीत आहे, असं ती अभिमानाने सांगायची.

तिचा नवरा नळ दुरुस्त करायचा. सगळी वस्ती त्याला नळवाले म्हणायची. गुडघ्यांवर रांगून रांगून त्याचे गुडघे कामातून गेले होते, पण कान असा की भिंतीला लावला की आत कुठे पाणी झिरपतंय ते बरोबर सांगायचा. देवाधर्माशी त्याचं वाकडं नव्हतं, सरळही नव्हतं. रविवारी तो बायकोला चर्चपर्यंत सोडायचा आणि स्वतः बाहेर खिडकीखालच्या ठेंगण्या भिंतीवर वर्तमानपत्र उघडून बसायचा. उपासना संपली की दोघं मिळून घरी. "आत चला की," असं ती लग्नानंतर बरीच वर्षं म्हणाली. "इथे वारा चांगला लागतो," असं तो तितकीच वर्षं म्हणाला.

आत मात्र ती त्याचं काम चालूच ठेवायची. उपदेशानंतर विनंतीची वेळ असे. ज्याला मंडळीकडून प्रार्थना हवी त्याने उभं राहून सांगायचं. भिंगबाई दर रविवारी उभी राहायची आणि एकच वाक्य म्हणायची, "माझ्या घरच्या माणसासाठी प्रार्थना करा. त्याचा विश्वास बसावा." पुढे पुढे लोकांना ते इतकं पाठ झालं की ती उठायला लागली की सगळ्यांच्या माना आपोआप खाली जायच्या. अलीकडे तिचे गुडघे दुखायला लागले होते, त्यामुळे ती बसूनच राहायची. कोणी काही विचारलं नाही.

आणि अशात एका रविवारी दुपारी जेवता जेवता नळवाले म्हणाले, "मी पाळकांशी बोललो. म्हटलं, बाप्तिस्मा घेतो."

तिचा घास हातातच राहिला. ज्या गोष्टीसाठी इतकी वर्षं देवाच्या पायाशी डोकं घासलं ती गोष्ट ताटासमोर येऊन बसली होती. दुसरी एखादी बाई रडली असती, नवऱ्याचा हात धरला असता. भिंगबाईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"का?" तिने विचारलं.

"का म्हणजे? घ्यावासा वाटला."

"असं एकदम?"

"एकदम नाही," तो म्हणाला आणि त्याने भात कालवायला घेतला.

बस, एवढंच. इतकं मोघम उत्तर कारखान्यात कोणी दिलं असतं तर तिने त्या माणसाचे सगळे गठ्ठे पुन्हा उघडायला लावले असते. कुठेतरी पाणी मुरतंय, हे तिला तेव्हाच कळलं.

त्या दिवसापासून तिने नवऱ्यावर पाळत ठेवली. डॉक्टरांनी काही सांगितलं असेल आणि हा लपवतोय, अशी पहिली शंका. औषधांचा डबा उपसून पाहिला, पण गुडघ्यांच्या तेलाखेरीज काही मिळालं नाही. तो चवीने जेवत होता, दुपारी घोरत होता, मरणाची छाया असलेला माणूस इतक्या मोठ्याने घोरत नाही. मग दुसरी शंका आली, आणि ती तिला फारच पटली. मंडळीचं कबरस्तान फक्त सभासदांसाठी होतं. टेकडीच्या उताराला, झाडांच्या सावलीत, पाण्याचा चांगला निचरा होणारी जागा. नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाला निचऱ्याचं महत्त्व कळणारच.

"खरं सांगा," तिने एका सकाळी तो दाढी करत असताना गाठलं, "जागेसाठी चाललंय ना हे सगळं?"

"कसल्या जागेसाठी?"

"टेकडीवरच्या."

त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो इतका हसला की हनुवटीला पातं लागलं. "अगं, मेल्यावर कुठे पडायचं याची मला एवढी घाई कशाला? आणि पडलोच तुझ्या शेजारी, तर तू तिथेही उठून विचारशील, खरंच मेलाय का."

ती हसली नाही. ज्याला हसण्यावारी न्यायचं असतं तोच असा हसतो, असं तिने मनाशी नोंदवलं.

मग तिने त्याच्या परीक्षा घ्यायला सुरुवात केली. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याशी त्याचं गॅलरीत पडणाऱ्या पाण्यावरून जुनं भांडण होतं. त्याचाच नळ फुटला तेव्हा ही म्हणाली, "जा की, करून द्या. विश्वास बसलाय ना?" नळवाले गेले. जाताना जिन्यावर प्रत्येक पायरीला कण्हले, त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि नळ मात्र चोख बसवून आले. भिंगबाई पेचात पडली. गेला हे खरं, पण बडबडत गेला. ही खोट धरायची की सोडायची?

"चांगलं काम करताना एवढी कुरकुर?" तिने टोकलं.

"विश्वासाने गुडघे नवे येत नाहीत," तो म्हणाला.

लेक माहेरी आली होती. तिने आईचा हा उद्योग दोन दिवस पाहिला आणि तिसऱ्या दिवशी भांडी विसळता विसळता तोंड उघडलं. "आई, बाबा बदलले तर तुला आनंद व्हायला हवा. तू तर चोर पकडल्यासारखी मागे लागलीयस."

"पारखून घ्यायला शास्त्रातच सांगितलंय."

"पारखून घे ना. पण तू आधीच लाल पट्टी लावून बसलीयस आणि आता खोट शोधतेयस."

लेकीचं बोलणं तिला झोंबलं. खरं असलं की झोंबतंच. पण पोरीला काय कळतंय, तिला कुठे सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यायची आहे? पाळकांनी दिवस ठरवला होता. साक्ष द्यायला घरात दुसरं होतंच कोण? लेक आता परक्या घरची. हो म्हणावं आणि पुढे खोटं निघावं, तर देवाच्या घरात खोटी साक्ष दिल्याचं पाप. नाही म्हणावं आणि ते खरं असावं, तर ज्या माणसाला इतकी वर्षं दारापर्यंत ओढलं त्याच्याच तोंडावर दार लावल्यासारखं. तिची झोप उडाली.

त्यातच बुधवारची भानगड निघाली. दर बुधवारी संध्याकाळी नळवाले केस विंचरून बाहेर पडायचे. पाळकांकडे शिकायला जातो म्हणायचे. पण शिकवणी मंगळवारी असते, हे पाळकांच्या बायकोकडूनच भिंगबाईला कळलं. मग बुधवारी काय? तिने कारखान्यातून लवकर सुटी घेतली आणि पदर डोक्यावरून घेऊन त्याच्या मागे निघाली.

तो चर्चमध्ये शिरला. दार पुढे लोटलेलं. आतून ऑर्गनचे सूर येत होते. ऑर्गन वाजवणारी बाई विधवा होती, दिसायला नीटनेटकी आणि आवाजाने गोड. म्हणजे असं आहे तर. विश्वास बसला आणि तो ऑर्गनच्या बाकावर बसला. दारातून आत पाहायचं धैर्य होईना, म्हणून ती वळसा घालून खिडकीपाशी गेली आणि ठेंगण्या भिंतीवर टेकली. नवऱ्याच्या जागेवर ती आयुष्यात पहिल्यांदा बसत होती.

आतलं सगळं ऐकू येत होतं. नुसते सूर नव्हे, पान उलटल्याचा आवाज, बाक करकरल्याचा आवाजही.

"पुन्हा घ्या," ऑर्गनवाली म्हणत होती, "दुसऱ्या ओळीला तुम्ही खाली घसरता."

"मला दुसरी ओळ अशीच ऐकू यायची," नळवाले म्हणाले. "त्याच वेळी बाहेरून दूधवाल्याची गाडी जाते."

मग ते गायला लागले. बाप्तिस्म्याच्या वेळी मंडळी म्हणते तेच गीत. इतकं बेसूर की भिंगबाईला दात आवळावे लागले. ऑर्गनवाली चिकाटीने पुन्हा पुन्हा तेच वाजवत राहिली, आणि प्रेम जमलेली बाई इतक्या वैतागाने उसासे टाकत नाही, एवढं भिंगबाईलाही समजत होतं. जीव भांड्यात पडला. पण ती लगेच उठली नाही. भिंतीचा दगड एका जागी घासून गुळगुळीत झाला होता. तिथे हात ठेवून ती बसून राहिली. काहीतरी तिच्या ध्यानात येऊ पाहत होतं आणि ते तिला नको होतं.

साक्षीच्या आदल्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता म्हणून नळवाले ओट्याखाली शिरले होते. फक्त पाय बाहेर. भिंगबाई पाटावर बसली आणि त्या पायांनाच म्हणाली, "उद्या मला उभं राहायचंय. आता तरी सांगा. का?"

आत पान्याचा आवाज थांबला.

"रागावू नकोस," ओट्याखालून आवाज आला. "मी दर रविवारी त्या खिडकीखाली बसायचो. आधी तू माझ्यासाठी उभी राहायचीस तेव्हा अंगाचा तिळपापड व्हायचा. म्हटलं, चारचौघांत माझं कशाला काढते? मग सवय झाली. तुझं वाक्य आलं की कळायचं, आता प्रार्थना, मग गीत, मग घरी जायचं. पेपर घडी करायला घ्यायचो."

"मग?"

"मग एका रविवारी ते वाक्य आलंच नाही."

भिंगबाईने पाटाची कड घट्ट धरली.

"वाटलं, बरं नसेल तुला. पुढच्या रविवारीही नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग कळलं, तू माझा नाद सोडलास." पान्याचा आवाज पुन्हा एकदा झाला आणि थांबला. "पंखा बंद पडला की मगच कळतं ना, इतका वेळ चालू होता. तसं झालं. आता माझ्यासाठी कोणीच काही मागत नाही, हे फार चमत्कारिक वाटायला लागलं. मग मीच मागायला लागलो. तुझंच वाक्य, तिथेच बसून, मनातल्या मनात. आधी नुसतं बघायला, की कोणी ऐकतंय का."

"आणि ऐकलं?"

"मला काय ठाऊक? पण मग थांबवता येईना. म्हटलं, बाहेर बसून किती दिवस मागणार, आत जाऊन मागू."

तिचे गुडघे दुखतात हे खरं होतं. पण गुडघे दुखत असतानाही ती गीताला उभी राहायची, प्रभुभोजनाला चालत पुढे जायची. फक्त त्या एका वाक्यासाठी तिचे गुडघे उठत नव्हते. एका रविवारी, काही विशेष न घडता, तिने मनाशी ठरवून टाकलं होतं की हा माणूस दुरुस्त व्हायचा नाही. रद्दच्या ढिगात टाकला आणि पुन्हा वळून पाहिलं नाही. हे तिने पाळकांना सांगितलं नव्हतं, लेकीला नाही, देवालाही नाही. आणि ज्याला टाकलं तो बाहेर भिंतीवर बसून सगळं ऐकत होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उद्या काय सांगू?" तिने विचारलं.

"खरं असेल ते सांग. मी एक वर्ष थांबलो तरी चालेल. सवय आहे मला." मग तो सरपटत बाहेर आला, दुखऱ्या गुडघ्यांवर हात ठेवून उठला आणि नळ सोडून पाहिला. ठिबकणं थांबलं होतं.

रविवारी चर्च भरलं होतं. नळवाले पहिल्या बाकावर, इस्त्रीचा शर्ट घालून. पाळकांनी साक्षीसाठी हाक मारली तेव्हा भिंगबाई उठली, आणि शेजारणींनी एकमेकींकडे पाहिलं. आता बाई नवऱ्यालाही लाल पट्टी लावते की काय, हे सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"घरी कसे आहेत हे?" पाळकांनी विचारलं.

"ओला टॉवेल पलंगावर टाकतात," ती म्हणाली. "शेजाऱ्याला शिव्या देतात. गातात तर असं की ऐकवत नाही." मंडळी हसली. ती हसली नाही. "इकडे एक आणि घरी एक, असं यांच्यात नाही. मी पाहिलंय. आतून-बाहेरून उलटं करून पाहिलंय."

"आणि विश्वास? खरा आहे?"

इथे 'आहे' म्हणायचं आणि बसायचं, एवढंच उरलं होतं. ती तशीच उभी राहिली.

"यांच्या विश्वासाचं मी कोण सांगणार?" ती म्हणाली. "तुम्ही सगळे समजत होतात की मी यांच्यासाठी मागतेय. मी मागणं कधीच सोडलं होतं. गुडघ्यांचं निमित्त होतं. मला वाटलं, हे काही होणार नाही. मी सोडल्यावर हे आलेत, स्वतःच्या पायांनी. मला एवढंच माहीत आहे. याला साक्ष म्हणत असतील तर ही घ्या."

पाळक म्हणाले, "घेतली."

बाप्तिस्मा झाला. नळवाले पाण्यातून वर आले ते कुंडाच्या झडपेकडे पाहत, कारण ती गळत होती आणि त्यांना ते ऐकू आलं होतं. गीत झालं. दुसऱ्या ओळीला ते घसरलेच आणि ऑर्गनवालीने डोळे मिटून घेतले.

मग विनंतीची वेळ आली. कोणाच्या परीक्षा, कोणाचं ऑपरेशन. भिंगबाई मान खाली घालून बसली होती, नळवाले आता तिच्या बाकावर येऊन बसले होते. शेजारी बाक करकरला. नळवाले उभे राहत होते, पुढच्या बाकाची कड धरून, केसांतून अजून पाणी ओघळत होतं.

"माझ्या घरच्या माणसासाठी प्रार्थना करा," ते म्हणाले. "तिचा विश्वास बसावा."

आधी कुठेतरी हसण्याची खसखस पिकली आणि लगेच थांबली. भिंगबाईच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. चारचौघांत माझं कशाला काढतात, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण तोवर सगळ्यांच्या माना खाली गेल्या होत्या, जुन्या सवयीने, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती सगळी माणसं तिच्यासाठी काहीतरी मागत होती. तिने दोन्ही डोळे मिटले. कोणाचा रुमाल ओला झाला ते तिने पाहिलं नाही. तिचा झाला होता.

घरी जाताना वळणापाशी तिने चाल हळू केली.

"पुढच्या रविवारीही म्हणणार आहात?" तिने विचारलं.

"हो."

"आणि त्याच्या पुढच्या?"

"त्याच्याही," नळवाले म्हणाले. "माझे गुडघे तुझ्यापेक्षा वाईट आहेत. तरी उभा राहीन."